बाहेर: एक

दयण्णाबद्दल आमच्या बंदरावर आता दोन गोष्टी बोलतात. एक, त्यानं पाच माणसं बुडवली. दुसरी, त्यातल्या एकाला त्यानं परत आणलं. बोलणारी तोंडं तीच. त्यांना यातलं ओ की ठो कळत नाही, हे मी चहाच्या टपरीवर त्यांच्या तोंडावर सांगितलंय. एकोणीस वर्षं मी त्या माणसाच्या शेजारच्या टेबलावर काढली. डब्यात बांगडा आहे की तारली, हे झाकण उघडायच्या आत सांगणारी बाई मी. विचारायचं तर मला विचारा.

तेंककोडीच्या मच्छीमार संघात मी, वारिजा, डिझेलच्या चिठ्ठ्या फाडते. दयानंद कुंदर मशीनवर असायचा. ठेंगणा, लुंगी कायम पांढरीशुभ्र, आणि स्वभाव असा की नाकावर माशी बसू द्यायची नाही. रोज घरी जाताना कीबोर्डवर रुमाल पांघरायचा. "अंगाईपण म्हणता का हो दयण्णा?" असं मी एकदा विचारलं, तर तीन दिवस माझ्याशी बोलला नाही.

त्याआधी तो अकरा वर्षं बोटीवर वायरलेसवाला होता. मग थोरल्या बहिणीचा, गुलाबी अक्काचा, मुलगा सोळाव्या वर्षी बोटीवर चढला आणि दयण्णा त्याच दिवशी खाली उतरला. मामा-भाच्यानं एका बोटीत बसू नये. "दर्याला एका घरातला एकच पुरे," एवढंच म्हणाला. आमच्यात घर आईकडून चालतं. मामाचं जे काही असेल ते भाच्याचं, आणि भाच्याचं काही करायचं तर ते मामानं. दयण्णानं लग्न केलं नाही. बहिणीच्या घरात राहिला आणि सगळा जीव त्या पोरावर टाकला.

पोराचं नाव रोहिताक्ष. बंदरात असला की दुपारी ऑफिसात यायचा आणि सरळ मामाचा डबा ओढून बसायचा. भातात मधोमध आळं करायचं, त्यात कालवण ओतायचं आणि आतून बाहेर खात यायचं. कडेचा भात कुंपणासारखा तसाच उभा. "अरे, जेवतोस की विहीर खणतोस?" मी म्हणायची. तो हसायचा. उरलेली ती कड दयण्णा खायचा आणि त्याचं पोट भरायचं. सव्विसाव्या वर्षी रोहिताक्ष जलरेखा बोटीचा तांडेल झाला, तेव्हा दयण्णानं अख्ख्या ऑफिसला नारळाच्या वड्या वाटल्या. मला दोन दिल्या.

आता पेट्यांचं सांगते, कारण सगळं त्यावर आहे. प्रत्येक बोटीवर एक पिवळी पेटी असते. ती दर दहा मिनिटांनी उपग्रहावरून आमच्या मशीनचं दार वाजवायची, "मी इथे आहे" म्हणायची, आणि मशीनकडे काही निरोप असेल तर तो घेऊन जायची. निरोप आला की पेटीवर लाल दिवा लागतो. तांडेल बटण दाबतो. मग इकडे पडद्यावर त्या बोटीपुढे "पोचला" असं उमटतं. बटण माणसालाच दाबावं लागतं, आपोआप काही होत नाही. पडद्याच्या कोपऱ्यात दोन आकडे असतात: आत किती बोटी, बाहेर किती. बोट शेवटची जिथे दिसली त्यावरून ते ठरतं.

पुढे जिल्ह्याच्या वरच्या ऑफिसात मोठं नवं मशीन आलं आणि आमचं म्हातारं झालं. पण एकशे एकोणचाळीस पेट्यांच्या पोटात पत्ता कोरलेला, तो आमच्याच मशीनचा. पेट्या सीलबंद. उघडायच्या तर परगावी पाठवायच्या, म्हणजे मोसम गेला. बोटमालक म्हणाले, पेटीला हात लावून तर बघा. सभेत दोन तास नुसता गदारोळ. दयण्णानं ते एका ओळीत मिटवलं.

मशीनच्या काळ्या पडद्यावर हाताने लिहायचा एक हुकूम आहे, त्याचं नाव सोकॅट. "म्हणजे बघा वारिजक्का," तो मला म्हणाला, "आपण घर बदललं, पण जुन्या ओसरीवर एक माणूस बसवून ठेवला. जो दार वाजवेल त्याचा हात धरायचा आणि नव्या घरी नेऊन पोचवायचा. आलेल्याला घर बदललेलं कळतच नाही. आणि नव्या घरच्यांना वाटतं, सगळे या ओसरीवरूनच आले."

"म्हणजे कोण कुठून आला ते त्यांना कळतच नाही?"

"नाही कळत. त्यांना फक्त आपण दिसतो."

वीज गेली की ओसरीवरचा माणूस उठून जायचा. मग ती ओळ परत लिहायला लागायची. आणि आमच्याकडे वीज जायला काय, कावळा तारेवर बसला तरी जाते. दयण्णा नेमका जेट्टीवर असायचा. म्हणून त्यानं ती ओळ कागदावर काढून माझ्या टेबलाच्या काचेखाली सरकवली. मला ते कळत नाही, पण अक्षरं ओळखते. रांगोळीचे ठिपके मोजून जोडावेत तशी मी ती ओळ कागदावरून उतरवायची. पहिल्या पंधरा दिवसांत चार वेळा तरी उतरवली असेल. ठिपके पडद्यावर दिसायला लागले की झालं. सगळे खूश होते.

सोळाव्या दिवशी वादळ आलं. दिवाळीला आठवडा होता. सकाळी अकरा चाळीसला वरच्या ऑफिसातून सगळ्या बोटींना निरोप सुटला: वादळ, परत या. जवळच्या बोटींना किनाऱ्यावरून वायरलेसनंही सांगितलं. दुपारी तीनपर्यंत एकशे अडतीस बोटी आत आल्या. जलरेखा सगळ्यांत लांब गेली होती. वायरलेस तिथवर पोचत नाही. तिच्याकडे फक्त पेटी होती.

तीन दिवसांत चार प्रेतं किनाऱ्याला लागली. रोहिताक्ष लागला नाही. बोट तळाला गेली, पेटीही तिच्याबरोबर.

पुढचं आणखी वाईट. वरच्या ऑफिसनं कागद दाखवला की निरोप वेळेवर सुटला होता. म्हणजे चूक कोणाची? तांडेलाची. मासळीच्या हावेपायी पोरानं ऐकलं नाही आणि चौघांना घेऊन बुडाला, असं ठरलं. त्या चार घरांनी गुलाबी अक्काशी बोलणं टाकलं. ऐतप्पाचा मुलगा त्या बोटीवर होता. मासळी वाळवायच्या मैदानात, सगळ्या बायकांसमोर, ऐतप्पा तिला म्हणाला, "तुझ्या पोराला कान होते, की नुसते भिकबाळी घालायला ठेवले होते?"

अक्कानं टोपली खाली ठेवली नाही. म्हणाली, "माझ्या पोरानं सांगितलेलं कधी मोडलेलं नाही." त्या दिवसापासून तिची वाळवण मैदानाच्या टोकाला, एकटी.

आणि दयण्णा? दयण्णा तोंडात मूग गिळून. मला वाटायचं, दुःखानं. त्याला आणखी त्रास नको म्हणून मीही तोंड मिटलं.

आमच्याकडे आटी महिन्यात, म्हणजे ऐन आषाढात, दर्या बंद असतो. बोटी वर ओढलेल्या, पेट्या बंद, पाऊस कोसळतोय. त्याच महिन्यात घराघरांत मेलेल्यांना पान वाढतात. आतल्या खोलीत केळीचं पान मांडायचं, जे त्यांना आवडायचं ते वाढायचं, दार ओढून घ्यायचं आणि सगळ्यांनी बाहेर बसायचं. जेवण झालं असेल असं वाटलं की तीनदा दार वाजवायचं आणि मग उघडायचं. न वाजवता उघडत नाहीत. पण नव्या मेलेल्याला आधी जुन्यांच्या पंगतीत बसवावं लागतं. घरातल्या वडीलधाऱ्यानं, म्हणजे आमच्यात मामानं, दाराशी उभं राहून त्याचं नाव घ्यायचं आणि म्हणायचं: ये, जेव, आमच्या मनात काही नाही, तुझ्याही मनात ठेवू नकोस. तोवर तो उपाशी.

चार घरांनी आपापल्या पोरांना त्याच वर्षी पंगतीत बसवलं. दयण्णानं नाही. "सापडला नाही तर मेला कसा म्हणू?" म्हणायचा. कोणी म्हणालं वेडी माया, कोणी म्हणालं हट्ट.

त्या पहिल्या आटीत, एका सकाळी, मी चिठ्ठ्यांची पुस्तकं लावत बसले होते. बाहेर एक बोट नाही, पडदा कोरा. कोपऱ्यात आत एकशे अडतीस, बाहेर एक. तो बाहेरचा एक वादळापासून तसाच होता. आणि एकदम पश्चिमेला, पार टोकाला, एक ठिपका आला. मी नंबर वाचला. जलरेखा.

"दयण्णा."

"बघितला," तो म्हणाला. त्याचा आवाज असा होता की त्यानं तो आज पहिल्यांदाच बघितला नव्हता, हे मला कळलं. भिंतीवर अकरा चाळीस झाले होते. ठिपका पाच-सहा सेकंद राहिला आणि गेला.

"काय हो हे?"

"उपग्रहाचा घोळ. जुनं काहीतरी अडकलेलं असतं, ते निघतं."

दुसऱ्या दिवशी अकरा चाळीसला परत आला. तिसऱ्या दिवशीही. महिनाभर रोज. आटी संपला आणि बंद झाला.

मी काही दूधखुळी नाही. मला पहिला संशय त्याचाच आला. हाच बसल्या बसल्या काही कळ फिरवत असणार, मन रमवायला. पण पुढच्या आटीत दयण्णा तापानं घरी पडला होता, मशीनजवळ माझ्याशिवाय कोणी नव्हतं, आणि अकरा चाळीसला ठिपका आला. पूर्वीपेक्षा जवळ होता. तो बरा होऊन आला तेव्हा मी दार लावून घेतलं आणि विचारलं.

"ओसरीवर कोण कुठून आला ते तुम्हाला तरी दिसतं ना? हा कुठून येतो?"

त्यानं रुमालाची घडी केली, परत मोडली.

"बाकीच्या पेट्या उपग्रहाच्या पत्त्यावरून येतात. हा तिथून येत नाही."

"मग?"

"इथूनच येतो."

"इथून म्हणजे?"

"या मशीनच्या आतून. मी सगळं तपासलं वारिजक्का. आत काही नाही. तरी दार आतूनच वाजतं. वाजवतो, निरोप घ्यायला थांबत नाही, जातो."

त्यानंतर त्या मशीनकडे पाठ करून मी कधी बसले नाही. टेबल फिरवून घेतलं. लोकांना सांगितलं, उजेड नीट येतो.

तिसऱ्या आटीत ठिपका बंदराबाहेरच्या खडकांच्या अलीकडे आला होता. चौथ्या आटीत बंदराच्या तोंडाशी. खिडकीतून बघावं तर तिथे नुसता पाऊस आणि लाटा. पडद्यावर बघावं तर जलरेखा उभी. आम्ही दोघं रोज अकरा चाळीसला गप्प बसायचो. अळीमिळी गुपचिळी. बाहेर कोणाला सांगणार, आणि सांगून गुलाबी अक्काच्या जिवाला घोर लावणार?

पण तिचं तिनंच ठरवलं. त्या वर्षी ती खूप वाळली होती. भावाला म्हणाली, "दया, पोर चार वर्षं उपाशी आहे. मी गेल्यावर त्याला कोण वाढणार, तू? तुझ्यानं तर त्याचं नाव घेववत नाही. या अमावास्येला पान मांडायचं. आणि त्या चार घरांना बोलाव. ते आले नाहीत तर त्यांची मर्जी. पण बोलाव."

अमावास्येच्या दिवशी सकाळी नऊलाच दयण्णा ऑफिसात आला. आंघोळ केलेली, कपाळाला गंध. माझ्या टेबलाशी आला आणि काचेखालचा तो कागद ओढून काढला. त्याच्या मागे चिकटलेला दुसरा, जुना कागदही निघाला. दोन्ही शेजारी ठेवले.

"वाचा."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"अक्षरं तर ओळखता. फरक सांगा."

मी बोट ठेवून जुळवलं. जुन्या कागदावर सोकॅट या शब्दापुढे एक आडवी रेघ आणि यू हे अक्षर होतं. नव्यावर नव्हतं.

"ते यू घातलं की रस्ता एकतर्फी होतो," तो म्हणाला. "इकडचं तिकडे जातं. तिकडचं इकडे येत नाही. पहिल्या दिवशी मी नुसती चाचणी घेत होतो. नव्या मशीननं चुकून बोटींना काही उलटंसुलटं पाठवू नये म्हणून घातलं. ठिपके दिसले. सगळ्यांनी पाठ थोपटली. काढायचं राहिलं."

मला कळायला वेळ लागला. मग कळलं.

"म्हणजे निरोप..."

"गेलाच नाही. एकाही बोटीला गेला नाही. संध्याकाळी बघतो तर एकशे एकोणचाळीस निरोप ओसरीच्या पलीकडे तटलेले. मी यू काढलं. तासाभरात एकशे अडतीस पोचले. बोटी तर केव्हाच बंदरात होत्या. तांडेलांनी दिवा लुकलुकताना बघून बटण दाबलं. प्रत्येकाला वाटलं, वाऱ्यापावसात आपलंच लक्ष नव्हतं. कोणी कोणाला बोललं नाही. एक तेवढा राहिला. तो अजून तसाच आहे."

"त्या पंधरा दिवसांत ती ओळ मी लिहिली," मी म्हणाले. "चार वेळा. या हातांनी."

"बोटं तुमची. अक्षर माझं."

मी त्याला काय काय बोलले ते इथे सांगत नाही. चार वर्षं बहिणीच्या ताटात जेवलास, तिला मैदानाच्या टोकाला एकटी वाळवण घालताना बघितलंस, आणि एक शब्द काढला नाहीस. अहो-जाहो सगळं विसरून अरे-तुरे केलं. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आज दाराशी उभं राहून 'आमच्या मनात काही नाही' म्हणायचंय. ते खोटं माझ्यानं म्हणवत नव्हतं, म्हणून चार वर्षं पान अडवलं. आज सांगतो. तुम्ही इथे बसा. वीज गेली तर ओळ घाला." आणि जुना कागद फाडायला लागला. मी तो हातातून काढून घेतला. का, ते मला आजही सांगता येत नाही.

तो गेला. अकरा वाजले. वारा सुटला, माडांच्या झावळ्या पत्र्यावर आपटायला लागल्या. साडेअकराला वीज गेली. मशीन गप्प, पंखा गप्प, नुसता पाऊस. मी खुर्चीत बसून राहिले. उठून घरी जावंसं फार वाटलं. अकरा पस्तीसला वीज आली. मशीन घुरघुरून उठलं, काळा पडदा उघडला आणि मी लिहायला घेतलं.

सोकॅट. पुढे आडवी रेघ. यू.

कागद नवा समोर होता, तरी माझी बोटं जुनंच लिहून बसली होती. त्यांची सवय, की आणखी काही, देव जाणे. मी तशीच बघत राहिले. मग एकेक अक्षर पुसलं, नव्या कागदावर नख ठेवून ठेवून ओळ पुरी केली आणि कळ दाबली. अकरा एकोणचाळीस.

ठिपका आला, बंदराच्या तोंडाशी. मी सेकंद मोजले. पाच. सहा. सात. या वेळी तो गेला नाही. दहा झाले, वीस झाले. थांबला होता. ऐकून घेत असावा तसा थांबला होता. आणि जलरेखाच्या नावापुढे, जिथे चार वर्षं रिकामं होतं, तिथे उमटलं: पोचला.

बटण माणसालाच दाबावं लागतं, हे मी आधी सांगितलंय.

छत्री न घेताच मी निघाले. अक्काचं घर ऑफिसापासून दहा मिनिटांवर. पोचले तेव्हा ओसरीवर माणसं होती, पण आवाज नव्हता. चारही घरं आली होती. ऐतप्पा खांबाला टेकून बसलेला, चेहरा राखेसारखा. दयण्णा बंद दाराकडे तोंड करून उभा. त्यानं सगळं सांगून टाकलं होतं, आतल्याला आणि बाहेरच्यांना एकदमच, अक्षरासकट. मागाहून विचारलं तर लोक म्हणाले, अकरा चाळीसच्या सुमाराला त्याचं बोलणं संपलं.

गुलाबी अक्का उंबऱ्याजवळ बसली होती. म्हणाली, "उघड आता."

दयण्णाचा हात दारापर्यंत जाईना. तिनंच उठून त्याचं मनगट धरलं आणि त्याच्या मुठीनं तीनदा दार वाजवलं. उघडलं. समई तेवत होती. भात जसा वाढला तसाच, शीतसुद्धा हललेलं नाही. कोणीतरी पुटपुटलं, "घेतलं नाही. माफ केलं नाही त्यानं."

मी भिजलेली तशीच पुढे झाले आणि सांगितलं. म्हणाले, "अक्का, निरोप पोचला. आत्ता. मी बघून आले."

तिनं विचारलं, "काय निरोप होता?"

"वादळ, परत या."

ती वळली आणि ऐतप्पाकडे, त्या चारही घरांकडे एकेक करून बघितलं. आवाज चढवला नाही. "आत्ता कळलं ना त्याला? मग येईल. सांगितलेलं मोडत नाही तो." आणि भावाला म्हणाली, "दया, भात गार झाला. नवा वाढ. दार लाव."

ऐतप्पा उठला. वाटलं, निघाला. पण त्यानं आत जाऊन गार पान उचललं, बाहेर नेऊन ठेवलं आणि हात धुऊन परत खांबाशी बसला. दयण्णानं गरम भात वाढला, वर बांगड्याचं कालवण. दार लावलं. आम्ही बसलो. पाऊस थांबला होता, आणि त्या शांततेत आत काही वाजलं असं म्हणणारे आता पंधरा जण आहेत. मी तिथेच होते, मला काही ऐकू आलं नाही. घटकाभरानं अक्कानं खूण केली. या वेळी दयण्णानं आपल्या हातानं तीनदा वाजवलं.

पान रिकामं होतं म्हणतात, ते खोटं. भात होता. पण मधोमध आळं होतं, आणि कडेचा भात कुंपणासारखा उभा.

दयण्णा खाली बसला आणि त्यानं ती कड खाल्ली. मेलेल्याचं पान कोणी खात नाही आमच्यात. पण त्याला कोणी अडवलं नाही.

संघानं त्याला त्याच आठवड्यात काढला. पोलीस आले, जबाब झाले, ते चालू आहे. गुलाबी अक्काची वाळवण आता मैदानाच्या मधोमध असते, बायका तिच्यासाठी जागा राखतात. भावाशी ती बोलते. किती माफ केलं आणि किती नाही, ते तिला ठाऊक. दयण्णाशी बंदरावर दुसरं कोणी बोलत नाही. मी बोलते, कारण माझ्याशी कोण वाद घालणार?

मशीनवर आता मी असते. वीज गेली की ओळ घालते, प्रत्येक वेळी एकेक अक्षरावर नख ठेवून. दोन्ही कागद काचेखाली आहेत. ठिपका परत कधी आला नाही.

संध्याकाळी सगळ्या बोटी लागल्या की दयण्णा जेट्टीवरून येतो. आत पाऊल टाकत नाही, खिडकीशी उभा राहतो. मी रुमाल झटकून कीबोर्डवर पांघरत असते.

"वारिजक्का, बाहेर किती?"

मी पडद्याचा कोपरा बघते. बंदरात मोजून एकशे अडतीस बोटी बांधलेल्या असतात. पडदा म्हणतो, आत एकशे एकोणचाळीस.

"बाहेर कोणी नाही," मी सांगते. तो मान हलवतो आणि घरी जातो.